पोळपाट माझ्याकडं, लाटणं ह्यांच्याकडं: उद्यमबागेत बांधून घेतलेल्या लेथचा १४ महिन्यांचा अनुभव

माझी उंची चार फूट अकरा इंच. आमच्या ह्यांची पाच फूट नऊ. लग्नाच्या फोटोत हा फरक दिसत नाही, फोटोग्राफरनं मला पाटावर उभं केलं होतं. त्यानंतर पाटावर उभी राहायची वेळ आली ती थेट लेथसमोर (लाकूड गरगर फिरवत ठेवून पटाशीनं कातायचं मशीन), आणि तिथं दोन वर्षं रोज उभी राहिले.

(आधीच सांगते. आमच्या खानापूर-बेळगावकडं बायकापण "मी येतो, मी करतो" असंच बोलतात. लिहिताना "करते" लिहितेय, मुलीनं तपासून दिलंय. कुठं "करतो" राहिलं असेल तर कोण पुरुष लिहितोय असं समजू नका.)

आमचं कातारकाम. पोळपाट, लाटणी, रव्या, पाळण्याचे आणि देव्हाऱ्याचे खांब, सुट्टीच्या दिवसांत भोवरे. थोडा माल खानापुरातच जातो, थोडा बेळगावला गणपत गल्लीत. जुना लेथ ह्यांनी स्वतः बांधलेला. खाली काँक्रीटचा चौथरा, त्यावर दोन लोखंडी चॅनेल, एक एचपीची मोटर, आणि स्पिंडल (लाकूड फिरवणारा दांडा) जमिनीपासून ४४ इंचावर. ह्यांच्या कोपराला ती उंची बरोबर बसायची. साडेतीन वर्षांपूर्वी ह्यांना लकव्याचा झटका आला. बोलणं परत आलं, काठी घेऊन चालणंही आलं, उजव्या हाताची पकड मात्र आली नाही. घरात चार पाळण्यांची ऑर्डर अर्धी पडलेली. तोवर मी फक्त सँडपेपर आणि लाख लावायची कामं करायची. ह्यांनी स्टुलावर बसून सांगायचं आणि मी करायचं, असं करत करत पटाशी माझ्या हातात आली.

आता ४४ इंचाचं मशीन आणि माझं कोपर ३७ इंचावर. टूलरेस्ट, म्हणजे पटाशी टेकवायची पट्टी, छातीला येतो. ज्यांना लेथ माहीत नाही त्यांना असं सांगते: ओटा उंच असला की भाकरी थापताना कोपरं वर येतात आणि दहाव्या भाकरीला खांदा भरून येतो. तसंच, फक्त दिवसभर. म्हणून सात इंचाचा पाट करून घेतला. उंची जमली, पण पाय अडकले. लांब खांब कातताना हात नुसता सरकवायचा नसतो, कंबर डावीकडून उजवीकडं न्यावी लागते, एका पायावरचा भार दुसऱ्यावर जातो. पाटावर तो पाय जातो कुठं? काठावर. एकदा मागं गेले ती सरळ भुशाच्या पोत्यावर बसले. पोतं होतं म्हणून निभावलं. त्यानंतर मी पाटाच्या मधोमध खांबासारखी उभी राहून नुसत्या हातानं काम ओढायला लागले आणि वर्षभरात उजवा खांदा आखडला. केस विंचरायला हात वर जाईना. फिजिओथेरपीच्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "काम करताना कोपर अंगाला लागलेलं असतं का?" मी हसले. अंगाला लागलेलं कोपर मी दोन वर्षांत बघितलंच नव्हतं.

तर मशीन घ्यायचं ठरलं. अडचण अशी की ते दोघांना चालायला हवं होतं. ह्यांना नुसतं बसवून ठेवलं तर माणूस आतून वाळत जातो, हे मी बघत होते. डॉक्टरना विचारलं. डाव्या हातानं, बसून, हळू फिरणाऱ्या कामावर काही हरकत नाही म्हणाले. म्हणजे एक बाई उभी, एक गडी बसलेला, एकाचा उजवा खांदा दुखरा, दुसऱ्याचा उजवा हात बंद, आणि मशीन एकच.

आधी तयार मशीनं बघितली. टिळकवाडीत ओळखीच्या एकांकडं ऑनलाइन मागवलेला टेबलावरचा छोटा लेथ आहे, तो चालवून बघितला. खरं सांगते, पेनं, भोवरे, छोट्या डब्या करणाऱ्यानं दुसरं काही बघूच नये. वजन कमी, वेग बटणानं बदलतो, आणि टेबल आपल्या मापाचं केलं की उंचीचा प्रश्न संपला. पण त्यावर आठ इंचाच्या वरचं काम फिरत नाही, आणि माझा पोळपाट दहा इंची. तिथंच तो विषय मिटला.

मग राजकोट-बटाला बाजूची मोठी मशीनं ठेवणारं एक दुकान गाठलं. नाव सांगत नाही. दुकानदार सगळा वेळ ह्यांच्याकडं बघून बोलत होता. मी विचारलं, स्पिंडलची उंची किती? तर ह्यांना म्हणाला, "वहिनींना सांगा, स्टँडर्ड असते." टेप माझ्या पिशवीतच होती. लावली. ४२ इंच. "मग पाट घ्या की." पाटाचा अनुभव त्याला कुठं सांगत बसू! तरी एक गोष्ट न्यायानं सांगायला हवी. एकट्या बुटक्या माणसाला मशीन हवं असेल आणि त्याचे पाय पत्र्याचे किंवा अँगलचे जोडलेले असतील, तर पाय कापून घेणं सगळ्यात स्वस्त. शिंपी पँट आखूड करतो तसं. बिडाचे ओतीव पाय असतील तर ते नाही जमत. आणि आम्हाला तर दोन उंच्या हव्या होत्या.

शेवटी उद्यमबाग. बेळगावच्या लोकांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते: तिथं ओतकामाचे कारखाने आणि मशीन शॉप एकाला एक लागून आहेत. ह्यांच्या जुन्या ओळखीतल्या एका मिस्त्रींची शेड आहे. शेडला पाटी नाही, त्यामुळं नाव देण्याचा प्रश्न येत नाही. मी आत गेले तर पहिला प्रश्न:

"अक्का, उंची किती?"

"मशीनची?"

"तुमची हो. मशीनची मागनं काढू."

तिथंच मी मनात मशीन घेऊन टाकलं.

त्यांनी मला कामाचे बूट घालायला लावले (चप्पल घालून मोजलं तर पाऊण इंच फसतो), हात सैल सोडून कोपरातून वाकवायला सांगितलं आणि जमिनीपासून कोपरापर्यंत माप घेतलं. ३७. स्पिंडलचा मध्य त्या उंचीला, फार तर इंचभर वर. मग ह्यांना २२ इंचाच्या स्टुलावर बसवलं. कोपर भरलं साडेएकतीस, मशीन धरलं ३२. म्हणजे पाच इंचाचा फरक. एवढं वरखाली करणं अवघड नाही म्हणाले, आणि आम्ही खूश होऊन परत आलो.

आठ दिवसांनी फोन. "अक्का, मालकांना घेऊन या, घोटाळा हाय." त्यांनी प्लायवूडचा एक खोटा लेथ करून ठेवला होता. ह्यांना समोर बसवलं तर गुडघे बेडला, म्हणजे स्पिंडलखालच्या आडव्या लोखंडी बैठकीला, थटले. हिशेब साधा आहे, पण आम्हा तिघांच्याही डोक्यात आला नव्हता. स्पिंडलच्या मध्यापासून बेड सहा इंच खाली, बेडचं चॅनेल चार इंच, झाले दहा. स्पिंडल ३२ वर, तर बेडचा तळ २२ वर. स्टूल पण २२ वर. मांडी जायला जागा शून्य! स्टूल उंच करा, तर कोपर वर जातं, म्हणून मशीन वर न्यावं लागतं, की तळ परत बैठकीच्या पातळीलाच. सरळ बेडच्या लेथवर समोर बसून काम करायचं म्हटलं की हा पेच सुटतच नाही. माणूस लांब बसतो आणि पुढं वाकतो. धडक्या माणसाची पाठ त्यात जाते, लकव्याच्या माणसाचा तर तोल जातो.

पूर्वीचे कातारी बसूनच काम करायचे, हे खरं. ह्यांचे आजोबा जमिनीवर बसून कातायचे. लाकडाला दोरीचा वेढा, दोरी ओढायला समोर दुसरं माणूस, आणि पटाशी दाबायला पायाचा अंगठा. त्या चरकाला खाली बेडच नव्हता, दोन खुंट आणि मधे लाकूड. अडणार काय?

मिस्त्रींच्या शेडमधे सीएनसी मशीन आहे, कॉम्प्युटरवर चालणारं. त्याचा बेड सपाट नसतो, मागं कललेला असतो, म्हणजे लोखंडाचा कीस आपोआप खाली पडतो. तिकडं बोट करून म्हणाले, "असं कलवूया?" बेड पंचेचाळीस अंशात मागं कलवला की स्पिंडल आपल्याकडं पुढं येतो आणि बेड मागच्या बाजूला जातो. स्पिंडलच्या थेट खाली मोकळी जागा राहते. त्यांचा मदतनीस बागलकोटकडचा, त्याला लाकडाच्या लेथचा बेड तिरपा करणं काही पटेना. "ई बेड बेड, ई बेड बेड," म्हणत होता. कानडीत "बेड" म्हणजे "नको". बेळगावात राहणाऱ्याला सांगायला नको, आम्ही किती हसलो ते. तेव्हापासून आमच्या घरात ह्या मशीनला "बेडबेड" असंच नाव पडलंय.

मशीन असं झालंय. दीड एचपीची थ्री फेज मोटर, १४४० फेऱ्यांची. घरात सिंगल फेजच आहे. मधे व्हीएफडी नावाचा डबा बसवलाय, तो सिंगल फेजचं थ्री फेज करून देतो आणि वेगही बदलतो. दोन पायऱ्यांची पुली. स्पिंडलला ६२०६ नंबरचे बेअरिंग, मुद्दाम, ते कुठंही मिळतात. दोन टोकांमधे ३० इंच लांबी, व्यास १२ इंचापर्यंत. वजन १६५ किलो, आणि पायांच्या चौकोनी पाइपमधे वाळू भरलीय ती वेगळी. उंची बदलायला खाली दोन स्क्रू जॅक, मोटारीचं चाक बदलताना लावतात तसले. हँडल फिरवायचं, मग चार बोल्ट आवळायचे. मला सहा मिनिटं लागतात.

वेगाचं बटण हे माझ्या खांद्यासाठी औषध ठरलं. जुन्या लेथवर वेग बदलायचा तर मोटर उचलून पट्टा एका पुलीवरून दुसरीवर घालायचा. ते जड म्हणून मी घालायचीच नाही, लाटण्याच्या वेगावर पोळपाट कातायची. धोक्याचं काम. कातकाम करणाऱ्यांचा एक ढोबळ हिशेब असतो: कामाचा व्यास इंचात घ्यायचा, त्याला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणायचं, उत्तर सहा ते नऊ हजारात राहिलं पाहिजे. दहा इंची पोळपाटाला म्हणजे ६०० ते ९००. मी १६०० वर कातत होते, आता आठवलं तरी पोटात गोळा येतो. आता खडबडीत पोळपाट ४५० वर चढवते, गोल झाला की ७५० वर नेते. सगळं एका बोटानं.

बंद करायचं बटण हा माझा हट्ट होता. दोन्ही हात पटाशीवर असताना मशीन बंद कसं करणार? जुन्याचं बटण भिंतीवर होतं, फिरत्या कामावरून हात नेऊन दाबायचं. इथं माझ्यासाठी गुडघ्याच्या उंचीला आडवी पट्टी आहे, गुडघा टेकला की मशीन थांबतं. ह्यांच्यासाठी डाव्या बाजूला लाल मोठं बटण. वीज जाऊन परत आली तरी हे मशीन आपणहून सुरू होत नाही, परत बटण दाबावं लागतं. आमच्याकडं पावसाळ्यात वीज जाऊन-येऊन असते, आणि जुनं मशीन एकदा ह्यांचा हात फेसप्लेटवर (पोळपाट जिच्यावर बसवतात ती लोखंडी तबकडी) असताना सुरू झालं होतं. नवीन मशीन घेणाऱ्यानं बाकी काही नाही तरी हे विचारावंच.

आता कामाची वाटणी. सकाळी मशीन ३७ वर, मी उभी. जेवण झालं की मी ते ३२ वर आणते आणि हे बसतात. बसल्यावर ह्यांच्या मांडीचा वरचा भाग २८ इंचाला येतो, स्पिंडल ३२ ला, मधे चार इंच. लाटण्याची त्रिज्या एक इंच, ते मजेत फिरतं. पोळपाटाची त्रिज्या पाच, तो मांडीवरच फिरायला लागेल! म्हणून पोळपाट माझ्याकडं आणि लाटणं ह्यांच्याकडं, हे आमचं भूमितीनं ठरवलेलं आहे, त्यात नवरा-बायकोचं काही नाही. लाटणी मी खडबडीत कातून ठेवते. हे लांब दांड्याची पटाशी डाव्या काखेत धरून शेवटचा हलका हात मारतात, मग रेस्ट बाजूला करून सँडपेपर. रव्यांना आणि भोवऱ्यांना लाख. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घासण्याच्या उष्णतेनं ती वितळून बसते, चन्नपट्टणच्या खेळण्यांना बसते तशीच, आणि वरून केवड्याचं पान दाबलं की चकाकी येते. हे सगळं एका हाताचं काम. ह्यांचा डावा हात आता माझ्या दोन्ही हातांपेक्षा चांगली चकाकी आणतो. मी हे त्यांना सांगितलेलं नाही.

कललेल्या बेडचा एक फायदा आम्ही धरलाच नव्हता, तो उभं राहणाऱ्याचा निघाला. स्पिंडल पुढं आलेला असल्यानं बेडवरून ओणवं व्हावं लागत नाही. पोळपाटाच्या मध्यापर्यंत पटाशी नेताना कोपर बरगडीला लागलेलं राहतं. खांदा सहा-सात महिन्यांत मोकळा झाला. व्यायाम केले ते वेगळे, सगळं श्रेय मशीनला देत नाही.

आता रडगाणं. कललेल्या बेडवर सगळं खाली घसरतं! रेस्टच्या स्टँडची खिट्टी सैल केली की ते स्टँड आपोआप अंगावर येतं. पहिल्या आठवड्यात माझं बोट चेचलं. मिस्त्रींनी खाली स्प्रिंगचा वायसर घातला, तरी लाकडाची धूळ बसली की परत घसरतं. ही खोड चौदा महिने झाले तरी गेली नाही. दुसरं, ३७ वर जॅक पूर्ण वर असतात, आणि पोळपाटाचं लाकूड एका बाजूला जड निघालं की मशीन थरथरतं. जुना काँक्रीटचा चौथरा हलायचं नाव घेत नव्हता. उंची बदलणारं मशीन घेतलं की ही किंमत मोजावी लागते, दोन्ही मिळत नाही. आमच्यासारखी दोन माणसं नसतील तर पक्क्या पायांचंच घ्या.

आणि एक फजिती. व्हीएफडीवर मशीन उलटं फिरवता येतं, सँडपेपर मारताना ते उपयोगी पडतं. पण फेसप्लेट आट्यांवर बसलेली असते, उलटं फिरवलं की ती सुटायला बघते. मला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही, सांगितलं होतं, मी विसरले. फेसप्लेटसकट पोळपाट सुटला, दारातून बाहेर गेला, अंगणातून घरंगळत शेजारच्यांच्या तुळशीवृंदावनाला जाऊन थांबला. आता फेसप्लेटला बाजूनं ग्रब स्क्रू मारून घेतलाय. मशीन थांबायचा वेळही तीन सेकंदांवरून आठवर नेला, एकदम थांबलं तरी तेच होतं. व्हीएफडीच्या पंख्यात भुसा जातो, म्हणून डब्याला जुन्या साडीचं झाकण शिवलंय, आठवड्याला धुते.

खानापूरचा पाऊस तुम्हाला माहीत असेल. जून ते सप्टेंबर बेडला गंज चढायला एक रात्र पुरते. तेल लावलं तर लाकडाला डाग पडतात, मी मेण घासते.

खर्च सगळा मिळून १,१८,००० झाला, टेंपोभाडं धरून. वेळ दोन महिने सांगितला होता, चार लागले. त्यातला एक लाख पीएम विश्वकर्मा योजनेच्या कर्जातून उचलला. ही योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, त्यातल्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. पहिलं कर्ज एक लाखापर्यंत, व्याज पाच टक्के, फेड १८ महिन्यांत. अवजारांसाठी १५,००० पर्यंत वेगळे मिळतात. एका कुटुंबातल्या एकालाच घेता येतं, त्यामुळं नोंद कोणाच्या नावानं करायची हा प्रश्न आला. हे म्हणाले, तुझ्या. फॉर्म भरणाऱ्या पोरानं "सुतार" लिहून माझ्याकडं दोनदा बघितलं.

कोणी गुण विचारले तर उंचीला आणि बटणांना पैकीच्या पैकी, थरथरीला निम्मे, रेस्टच्या स्टँडला शून्य. मिस्त्रींनी त्यासाठी दात्यांची पट्टी बसवून देतो म्हणून दिवाळीत सांगितलंय. कुठली दिवाळी ते सांगितलं नाही.

मशीन बघायला यायचं असेल तर खानापूर बेळगावपासून २६ किलोमीटर. येताना टेप आणा, आपलं कोपर मोजूनच या. पोळपाट कातताना बघायचा असेल तर सकाळी या. दुपारी दोननंतर आलात तर मशीन ह्यांच्या उंचीला असतं, आणि एकदा बसले की पाचाशिवाय ते उठत नाहीत.